निफाडच्या थंडीत जुनी बुलेट पहाटे सुरू करताना (माझा अनुभव)

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरला बातमी येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात एवढं एवढं तापमान नोंदलं म्हणून. नेमकं त्याच पहाटे आम्हा द्राक्षवाल्यांना मळ्यात जावं लागतं, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या असतात, लाईट असेल तर मोटर टाकून ड्रीप चालू करायचं असतं. मळा घरापासून लांब, आणि हाताशी गाडी कोणती तर आण्णांची जुनी कास्ट आयर्न बुलेट. 346 सीसी, सेल्फ नाही, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक.

आण्णा असेपर्यंत ही गाडी तेच चालू करायचे. नंतर ती माझ्याकडे आली तेव्हा पावसाळाभर काहीच त्रास नव्हता, पण पहिली कडक थंडी पडली आणि तिचं रूप बदललं. किक पायाखाली दगडासारखी, आणि एकदाची चालू झाली की पहिला गिअर टाकताना खट्टकन आवाज होऊन अख्खी गाडी पुढं उडी घ्यायची, क्लच पूर्ण दाबलेला असताना सुद्धा, आणि तिथंच बंद पडायची.

पिंपळगावला एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आण्णांची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच हाताखालची. त्यांना सांगितलं तर त्यांनी गाडीला पाना सुद्धा लावला नाही. म्हणाले, "चावी खिशात ठेव. आधी तिला मोकळी कर, मग पेटव." आणि मला दुकानासमोर उभं करून सगळं करून घेतलं.

मोकळी करायची म्हणजे क्लच. बुलेटच्या क्लच प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, इंजिनचं तेल वेगळं आणि हे चेन केसमधलं, म्हणजे इंजिनकडून क्लचकडं जाणाऱ्या चेनच्या डब्यातलं तेल वेगळं. रात्रभर थंडीत गाडी उभी राहिली की प्लेटांच्या मधलं तेल घट्ट होतं आणि प्लेटा एकमेकींना धरून बसतात, तुम्ही लिव्हर दाबा नाहीतर नका दाबू. म्हणून चावी बंद, गाडी न्यूट्रल, क्लचची लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबून धरायची आणि किक सावकाश पण पूर्ण खाली दाबायची. बुलेटची किक गिअरबॉक्समधून क्लचवरून इंजिनला जाते, त्यामुळे क्लच सुटलेला असेल तर किक रिकामी जाते, पायाला काही लागतच नाही. चिकटलेला असेल तर क्लच दाबून सुद्धा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर, पायाला जाणवतं. कडाक्याच्या थंडीत पहिल्या एक-दोन किका जड जातात, मग आतून एक बारीक 'टप' ऐकू येतं, ऐकू येण्यापेक्षा तळव्याला कळतं, आणि पुढची किक एकदम हलकी. तेवढं झालं की क्लच सुटला. हे न करता तुम्ही गाडी चालू करून गिअर टाकला तर तो चिकटलेला क्लच सुटायचा झटका गिअरच्या दातांवर, चेनवर आणि प्लेटांवर बसतो, रोज सकाळी बसतो, आणि मग हिवाळा संपला की लोक म्हणतात क्लच लवकर गेला.

आता पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक लावायचा आणि चावी बंदच ठेवून, क्लच सोडून, डीकॉम्प्रेशरची (सिलेंडरमधला दाब सोडून देणारी) छोटी लिव्हर ओढून दोन-तीन किका सावकाश मारायच्या. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं आतल्या भिंतींनाच चिकटून राहतं, म्हणून चोकनं हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं असतं. या किकांनी ते मिश्रण सिलेंडरपर्यंत येतं आणि तेलही थोडं फिरतं. अ‍ॅक्सिलेटरला हात लावायचा नाही, हे चाचांनी इतक्यांदा सांगितलं की आता माझा हात आपोआप मोकळा राहतो.

मग चावी. आणि इथून पुढचं मला मनापासून आवडतं. हेडलाईटच्या वर अँपिअरचा काटा असतो. चावी लावून किक हळूहळू दाबत गेलं की पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच) मिटलेले असताना काटा मायनसकडं झुकतो, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाजवळ आला की पॉइंट उघडतात आणि काटा परत मध्यावर येतो. पायाला पण तिथंच किक कडक लागते. अंधारात मी मोबाईलची बॅटरी लावून तो काटा बघत बसतो. काटा मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प्रेशर ओढून किक अगदी थोडी, इंचभर म्हणा, पुढं ढकलायची, डीकॉम्प्रेशर सोडायचा, किक वरपर्यंत येऊ द्यायची आणि मग अंगाचं वजन टाकून एक सलग पूर्ण किक. पिस्टन टोकाच्या जरा पलीकडं असला की फ्लायव्हीलला पुढच्या कॉम्प्रेशनपर्यंत वेग घ्यायला जागा मिळते, आणि गाडी उलटी किक मारत नाही. ज्याच्या घोट्याला बुलेटची उलटी किक बसलीय त्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

चालू झाली की लगेच रेज करायची नाही. आमच्याकडं पोरं थंडीत गाडी गरम करतो म्हणून उभ्या उभ्या भुंगाट रेज करतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. या गाडीचा पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि सिलेंडर बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, आणि आगीच्या जवळ असल्यानं पिस्टन तापतो पण आधी, सिलेंडर अजून थंडच असतो. म्हणजे रेज केली की पिस्टन फुगलेला आणि त्याला जागा नाही, वरून तेल थंड, वरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपर्यंत) पोचायला वेळ लागणारं. ओरखडे तिथंच पडतात.

मी साधारण अर्ध्या मिनिटानं चोक थोडा थोडा काढतो, आवाज अडखळायला लागला तर परत जरासा लावतो. चोक लावून ठेवून चहा प्यायला मात्र जायचं नाही, जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुवून काढतं आणि प्लग काळा पडतो. एक-दीड मिनिटात ठोके सरळ पडायला लागले की निघायचं. उभं राहून दहा मिनिटं गरम करण्यात अर्थ नाही, गाडी हळू चालवली की इंजिन, गिअरबॉक्स, क्लच सगळंच सोबत गरम होतं. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून पहिला गिअर वर, आणि मग पहिले दोन-तीन किलोमीटर चाळीसच्या आत. पण चाळीसच्या आत म्हणून चौथ्यात घुसळत न्यायची नाही, गाडी धडधडायला लागली की एक गिअर कमी करायचा. हाफ क्लचवर तर अजिबात नाही. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढिल्लेपणा आहे का हे मी अधूनमधून बघतो, तो नसला की प्लेटा घसरतात, जास्त असला की सकाळी कितीही मोकळा केलेला क्लच नीट सुटत नाही.

भाच्याची नवी गाडी आहे, एप्रिल 2020 नंतरची बीएस 6 (धुराच्या नव्या नियमांची), इंजेक्शनवाली. तिला चोक नाही, काटा नाही. चावी लावून पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग बटण. थंड असताना ती स्वतःच रेज थोडी वाढवून ठेवते. पण क्लच तिचाही तेलातलाच, तोही कडाक्यात चिकटतो. तिला इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून दोन-चार वेळा मागं-पुढं ढकलली की मोकळी होते. त्याला शिकवलंय, करतो तो.

बुलेट बरेच दिवस उभी असेल तर मात्र अजून एक होतं. इंजिन तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भागात साचतं, आणि चालू केली की मागून निळ्या धुराचा लोट निघतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. गाडी बंद करायची नाही, रेज पण करायची नाही, पंप ते तेल परत ओढून टाकीत टाकतो आणि थोड्या वेळात धूर विरळ होतो. तेलाची पातळी पण मग त्यानंतरच बघायची, आधी बघितली तर कमी दिसते आणि माणूस उगाच वरून तेल ओततो. गाडी चांगली तापल्यावरही निळा धूर येतच राहिला तर मग पिस्टनच्या रिंगा बघायला लागतात.