आपल्या वाट्याचं

आज दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या अलीकडे, एक काका वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत होते. मेण लावलेला दोरा, आरी, समोर तुटक्या चपलांचा ढीग. माझाही अंगठा निघालेला. शिवून झाल्यावर पन्नासची नोट पुढे केली, तर म्हणाले, "आज नको ताई. पालखी गेली की हक्कानं घेईन."

ते 'हक्कानं' फार आवडलं. पैशाला नावं ठेवत दान करणारे आपल्याकडे काय कमी आहेत? (आणि बॅनरवर फोटो हवाच!)

तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळेच सांगतात. पण आधी वाटणी करून धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा, हेही परंपरेनं सांगितलंय. भावावर वैराग्य लादलं नाही. मला त्या बुडवण्यापेक्षा ही वाटणीच मोठी वाटते.

पुढे राजगिऱ्याचे लाडू वाटताना एका आजींनी दोनातला एक परत दिला. "मला एक बास, पोरी. मागं लई माणूस हाय." आणि वर मलाच 'माउली' म्हणत वाकल्या!

उद्याही मुक्काम पुण्यातच आहे. लाडवांचे दोन डबे शिल्लक आहेत, वाटायला कोण येतंय?