दारं कोण धरतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दिवाळी अंक निघाले की आठ-पंधरा दिवस फोन येत राहतात, एखाद्या शाळेत बोलायला गेलो तरी शेवटी हात वर होतो तो ह्याच प्रश्नासाठी, की सर हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून आणि नोकरी सांभाळून लिहिता कधी. प्रश्न दोन आहेत पण लोक एका दमात विचारतात, आणि इतक्या वर्षांनी मला पण ते एकच वाटायला लागलेत. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून आज लिहूनच काढतो.

मी लातूर जिल्ह्यात एका ३३/११ केव्ही सबस्टेशनला, म्हणजे वीज उपकेंद्रात, ऑपरेटर आहे. विज्ञानकथा लिहितो, वर्षाला दोन, फार तर तीन. रात्रपाळी १२ ते ८. दर तासाला रीडिंग घ्यायचं, कुठल्या फीडरवर, म्हणजे इथून बाहेर जाणाऱ्या लाइनवर, किती अँपिअर, व्होल्टेज किती, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं टेंपरेचर किती, ते लॉगशीटवर चढवायचं. काही ट्रिप होऊन बंद पडलं नाही तर ह्या कामाला दहा मिनिटं लागतात आणि मधली पन्नास मिनिटं जागं राहायचं, एवढंच काम. बाहेर ट्रान्सफॉर्मरची घूं अशी एकसुरी घरघर चालू असते, आपली वीज पन्नास हर्ट्झची म्हणून ती घरघर शंभरची, एकदा कळल्यावर ती ऐकू येणं थांबतच नाही. त्या पन्नास मिनिटांत मी लिहितो. दोनशेपानी वही, घरून आणलेली. लाइन गेली की वही बंद, मग सकाळपर्यंत उघडतही नाही कधी कधी.

नोकरीला लागलो तेव्हा ह्याचं मला ओझं वाटायचं, की हे काय लिहिणं, लेखक म्हणजे टेबल पाहिजे, खिडकी पाहिजे. मग चीनच्या लिऊ त्सिशिनबद्दल वाचलं. तो माणूस शान्शी प्रांतात न्यांगत्झग्वान नावाच्या ठिकाणी वीज केंद्रात कॉम्प्युटर इंजिनिअर होता, वर्षानुवर्षं. त्यानं स्वतः सांगितलंय की काम नसलं तरी जागेवर बसून राहावं लागायचं, समोर कॉम्प्युटर असायचाच, तर तिथंच लिहायचो. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ह्या ज्या पुस्तकाला २०१५ साली ह्यूगो हे विज्ञानकथेतलं मोठं बक्षीस मिळालं ते असल्या नोकरीत राहून लिहिलेलं आहे. हे वाचलं त्या रात्री मी पाळीवर होतो आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. ते बक्षिसामुळे नाही हो, जागेवर बसून राहावं लागायचं ह्या वाक्यामुळे.

इंग्लंडचा टेरी प्रॅचेट पण वीजवाल्यांकडेच होता, तिथल्या वीज मंडळाचा प्रेस ऑफिसर, अणुवीज केंद्रांबद्दल पेपरवाल्यांशी बोलायचं काम. रोज रात्री ४०० शब्द लिहायचे हा त्याचा नेम. एका रात्री कादंबरी संपली आणि ४०० मधले १०० शब्द उरले होते, तर पठ्ठ्यानं टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला आणि पुढच्या कादंबरीचे १०० शब्द लिहून मगच उठला. मी आकडा धरत नाही, मी रीडिंग धरतो. दोन रीडिंगच्या मध्ये एक पान. कधी अर्धंच होतं.

तर लिहिता कधी, ह्याचं उत्तर हे. आता सुचतं कुठून.

वहीच्या मागच्या बाजूनं मी कल्पना लिहीत नाही, बघितलेल्या गोष्टी लिहितो. पहाटे भुरभुर पाऊस आला की इन्सुलेटरवर चरचर आवाज येतो. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या ब्रीदरमधली सिलिका जेल ओल धरली की निळीची गुलाबी होते. शेतीपंपाचा एजी फीडर चालू केला की काटा झर्रकन चढतो, कारण शेतकऱ्यांनी मोटर आपोआप चालू करणारे ऑटो बसवलेले असतात, लाइट आली की शेकडो मोटरी एकदम उठतात. असलं. ह्यातलं नव्वद टक्के कशाच्या उपयोगाला येत नाही आणि तरी मी लिहितो, कारण ह्यातलं उपयोगाचं दहा टक्के कुठलं ते आधी कळायचा काही मार्गच नाही.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला कुंपणापलीकडचे मामा कुंपणाला येऊन उभे राहिले. त्यांचं सोयाबीन आमच्या यार्डाला लागून. म्हणले, "सायेब, जरा इकडं येऊन बघा, तुमच्या लाइटापाशी माझं सोयाबीन झोपंना गेलंय." गेलो. सगळं रान पिवळं पडून काढणीला आलेलं आणि यार्डातल्या दिव्याचा उजेड जिथपर्यंत पडतो तिथपर्यंतचा तुकडा हिरवागार. अगदी कोणी रेघ मारल्यासारखा. पानं भरपूर, शेंगा कमी, आणि पिकायचं नावच नाही. सोयाबीनला फुलायला-पिकायला सलग लांब अंधार लागतो, रात्र मोठी होत चालली हे त्याला अंधारावरून समजतं. दिव्याखालच्या झाडांना ते समजलंच नव्हतं, त्यांच्या लेखी अजून पावसाळ्याचेच मोठे दिवस चालू होते. मामांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं पण झोपंना हा शब्द त्यांनी बरोबर काढला. दिव्याचं तोंड आम्ही आतल्या बाजूला वळवलं. मी वहीत फक्त एवढं लिहिलं, उजेडाच्या रेघेपर्यंत हिरवं.

दोन वर्षं ते तसंच पडून होतं. मग कुठंतरी रशियाच्या आरशाबद्दल वाचण्यात आलं. ४ फेब्रुवारी १९९३ ला मीर अंतराळ स्थानकाजवळ प्रोग्रेस यानातून त्यांनी २० मीटर व्यासाचा पातळ पडद्यासारखा आरसा उलगडला आणि सूर्याचा उजेड रात्रीच्या बाजूला पृथ्वीवर पाडला. जवळपास ५ किलोमीटर रुंदीचा ठिपका, पौर्णिमेच्या चांदण्याइतका, युरोपवरून सरसर गेला. उत्तरेकडच्या शहरांना हिवाळ्यातल्या लांबच लांब रात्रीत उजेड द्यावा असा विचार होता. १९९९ ला त्याहून मोठा आरसा उलगडायला गेले तर तो यानाच्या अँटेनात अडकून फाटला आणि ते तिथंच राहिलं.

आता बघा, आकाशात आरसे लावून रात्र घालवली, ही कल्पना माझी नाहीच, लोकांनी करून बघितलेली गोष्ट आहे. कोणालाही सुचेल. पण माझ्या वहीत मामांचं सोयाबीन होतं. कथा सुरू झाली ती आरशापाशी नाही, त्या हिरव्या रेघेपाशी. आरसे आले, जिल्ह्यात रात्र बंद झाली, सगळ्यांना आनंद झाला, आणि दसऱ्याला कोणाचंच रान पिवळं पडलं नाही.

म्हणून मला वाटतं सुचणं हा शब्दच लोक चुकीच्या जागी वापरतात. यंत्र सुचतं ते पहिल्या मिनिटात. लिहायला लागतं ते नंतरचं. आणि नंतरचं काढायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे, तो माझ्या घरातला आहे. मग दारं कोण धरतं?

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. विहिरीचं पाणी पाटानं रानात सोडलं की ते आपलं आपण सगळीकडे जात नाही. एक सरी भरली की खोऱ्यानं तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, ती भरली की तिच्या पुढची. ह्याला दारं धरणं म्हणतात. लाइट दिवसा असली तर दिवसा आणि रात्रीची पाळी असली तर रात्री. आमचे वडील लवकर गेले, मग रात्री दारं धरायला आई जायची. पायात चप्पल नाही, चिखलात ती टिकतच नाही, हातात बॅटरी, आणि साप-विंचू काय असेल ते. लहान होतो तेव्हा मला सोबत न्यायची आणि बांधावर पोत्यावर निजवायची. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. तिकांडं कुठवर आलंय ते बघून सांगायची आता किती वेळ लाइट राहील, आणि शुक्राची चांदणी वर आली की मला उठवायची. मृग नक्षत्रातले ते तीन तारे मी आधी घड्याळ म्हणून शिकलो, तारे म्हणून नंतर.

आणि हे पण सांगायला पाहिजे. सातवी-आठवीत मला तिची लाज वाटायची. रात्रभर पाण्यावर असली की ती दुपारी झोपायची, आणि एकदा घरी आलेल्या एका मित्रानं विचारलं तुझी आई दिवसा का झोपते, तर मी सांगितलं ती आजारी आहे. तिनं ते आतून ऐकलं होतं. काही बोलली नाही.

हे मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मग ऑक्टेव्हिया बटलरबद्दल वाचलं, अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका, १९४७ चा जन्म, कॅलिफोर्नियात पासाडेनाची. तिची आई लोकांच्या घरची साफसफाई करायची, काही घरी मागच्या दारानं आत जायचं, तिच्यासमोर लोक तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचे. लहानग्या ऑक्टेव्हियाला त्याचा राग यायचा आणि लाज पण वाटायची, की ही हे ऐकून का घेते. मोठं झाल्यावर कळलं की तिनं ऐकून घेतलं म्हणून घरात जेवण होतं. त्या कळण्यातून 'किंड्रेड' आली, १९७९ ची. १९७६ मधली एक कृष्णवर्णीय लेखिका काळातून मागं खेचली जाते आणि गुलामगिरीच्या दिवसांतल्या मेरीलंडमध्ये जाऊन पडते, तिथं जगायचं तर काय काय सोसावं लागतं ते तिला स्वतःच्या अंगावर समजतं. काळ कसा ओलांडला त्याचं यंत्र त्या कादंबरीत नाहीच. कोणी विचारतही नाही. आणि बाईची सवय काय, तर पहाटे दोनला उठून लिहायचं आणि मग कामावर जायचं, भांडी घासण्यापासून वेफर्सच्या कारखान्यात तपासणीपर्यंत मिळेल ते काम. प्रेरणेच्या भरवशावर राहू नका, सवय जास्त भरवशाची, असं ती नवीन लिहिणाऱ्यांना सांगायची. पहाटे दोनला मी पण जागा असतो. पृथ्वीच्या त्या बाजूला तेव्हा दोन वाजलेले नसतात हे माहीत आहे, तरी दोनचं रीडिंग घेताना तिची आठवण येते.

मराठीत कोणाचं बघून लिहायला लागलात, हे पण विचारतात. नारळीकरांचं, दुसरं कोण. तालुक्याच्या वाचनालयात 'यक्षांची देणगी' मिळालं, परत करायच्या तारखेनंतर पण मी ते ठेवून घेतलं होतं. त्यांची पहिली कथा कशी आली ते मी प्रत्येक शाळेत सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, पण स्वतःच्या नावानं नाही. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, अक्षर कोणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. केंब्रिजला त्यांचे गुरू होते ते फ्रेड हॉइल, ते पण मोठे शास्त्रज्ञ आणि १९५७ पासून विज्ञान कादंबऱ्या लिहिणारे, म्हणजे हे काम कमीपणाचं नाही हे त्यांनी गुरूच्या घरातच बघितलेलं. मी त्यांच्याकडून काय घेतलं, तर एकच गोष्ट बदलायची आणि मग प्रामाणिक राहायचं. त्यांच्या एका कथेत पानिपताची लढाई मराठे जिंकले एवढं एक बदललं, आता पुढची मुंबई कशी दिसेल ते चुकवायचं नाही, सोयीचं तेवढं घ्यायचं नाही. २० मे २०२५ ला ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी दिवसभर कोणाशी धड बोललो नाही.

आता परत आरशांच्या कथेकडे येतो, कारण ती अजून संपलेली नाही. छापून आली तशी ती सोयाबीनपाशी संपते. अंक घरी आल्यावर मी ती आईला वाचून दाखवली, आता तिला नीट दिसत नाही. पूर्ण ऐकली. मला वाटलं शेताचं ऐकून काहीतरी म्हणेल. ती म्हणली, "रात्रच नाही म्हणल्यावर तिकांडं दिसंना की रे. मग ती बाई पाण्यावरून घरी कवा यायची?"

माझ्या कथेत पाण्यावर गेलेली बाईच नव्हती. आरसे आले म्हणजे उजेड झाला, उजेड झाला म्हणजे दारं धरणं सोपं झालं, असं मी गृहीत धरून पुढं गेलो होतो. पण चोवीस तास उजेड म्हणजे चोवीस तास पाळी. लाइट कधी पण येणार, चांदणी उगवणार नाही, आणि आता पुरे, घरी जा, हे तिला सांगणारं वर काहीच उरणार नाही.

गेल्या पावसाळ्यापासून ती बाई लिहितोय. चाळीस पानं झालीत. अजून ती रानातच आहे.