४३०५ क्रमांकाची मदत

पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी हेल्प लिहीत असे. कंपनी पतसंस्थांसाठी प्रणाली तयार करायची आणि वापरणाऱ्याने कोणत्याही स्क्रीनवर, कोणत्याही रकान्यात एफ-वन दाबले की नेमका त्याच रकान्याचा खुलासा त्याच्यासमोर उघडला पाहिजे, अशी व्यवस्था लावणे हे माझे काम होते. खुलासे मराठीत होते. मात्र हेल्प फाइल बांधणारे त्या काळचे साधन युनिकोड, म्हणजे मराठीसारख्या लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत, जाणत नसल्यामुळे डावीकडची अनुक्रमणिका इंग्रजीत आणि उजवीकडचा मजकूर ‘मंगल’ फाँटमध्ये, असा तो संसार होता. काउंटरवरची माणसे अनुक्रमणिकेकडे फिरकतच नसत. त्यांना ठाऊक होते ते एफ-वन.

नोव्हेंबर २००५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. ५०,००० रुपयांची तीन वर्षांची ठेव सभासदाने वर्ष होताच मोडली होती. ठेव ठेवली त्या दिवशीचा एका वर्षाचा दर आठ टक्के, त्यातून मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का वजा, म्हणजे सात टक्क्यांनी ३,५०० रुपये व्याज द्यायला हवे होते. प्रत्यक्षात, ठेव मोडली त्या दिवशी चालू असलेला साडेआठचा दर लावून ४,२५० रुपये दिले गेले. संचालक मंडळ कधीकधी दंड माफ करत असल्यामुळे दराचा रकाना आम्ही हाताने भरण्याजोगा मोकळा ठेवला होता. “आमचे लेखनिक म्हणतात, हेल्पमध्ये तसंच लिहिलंय,” व्यवस्थापक म्हणाले.

मी माझ्या संगणकावर पाहिले; खुलासा बिनचूक होता. व्यवस्थापकांनी त्यांच्या केबिनमधल्या सर्व्हरवर, म्हणजे संस्थेच्या मुख्य संगणकावर, एफ-वन दाबून पाहिले, तिथेही बिनचूक. आमच्याकडे सगळ्यांनी निकाल देऊन टाकला की, लेखनिक स्वतःची चूक मशीनवर ढकलतो आहे. मीही त्याच मताची होते, पण फोन ठेवण्याआधी लेखनिकांनी ते वाक्य मला म्हणून दाखवले होते: “येथे आजच्या तारखेला लागू असलेला व्याजदर लिहावा.” ते वाक्य माझे होते. ‘लागू असलेला’ हे दोन शब्द घालायचे की नाही यावर मी अर्धी दुपार घालवली होती. फक्त ते ठेवीच्या नूतनीकरणासाठी लिहिले होते, ठेव मोडण्यासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वारगेटहून एसटी पकडली.

लेखनिकांना सगळे काका म्हणत. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. त्यांच्या काउंटरवर लाल कापडी बांधणीची एक वही होती आणि तिच्यात हेल्पमधले खुलासे रकान्यानुसार, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेले होते. बाकीची तरुण मंडळी एफ-वन सहसा दाबत नसत; अडले की काकांना विचारत आणि काका वही पाहून सांगत. म्हणजे त्या संस्थेत माझे लिखाण नेमाने वाचणारा एकच माणूस होता आणि चूक नेमकी त्याच्याच हातून झाली होती.

काकांनी ‘मुदतपूर्व बंद’ची स्क्रीन उघडली, कर्सर पाचव्या रकान्यात, म्हणजे व्याजदरावर नेला आणि एफ-वन दाबले. खरोखरच नूतनीकरणाचा खुलासा उघडला. खिडकी लहान होती आणि मजकूर थेट व्याजदराच्या परिच्छेदावर येऊन थांबत असल्यामुळे ‘नूतनीकरण’ हे शीर्षक वर सरकून दिसेनासे झाले होते. व्याजदराच्या रकान्यात व्याजदराचाच खुलासा दिसतो आहे, तर संशय कुणाला आणि का यावा?

माझी मती गुंग झाली. सोडवणूक केली ती शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने. प्रणालीची नवी आवृत्ती ऑक्टोबरमध्ये गेली होती आणि तिच्यात वारस नोंदीची एक नवी स्क्रीन होती. “मॅडम, तिथली मदत तर फारच गमतीची आहे,” असे म्हणत तिने ‘वारसाशी नाते’ या रकान्यावर एफ-वन दाबले. खुलासा आला: ‘ठेव जितकी मुदत राहिली त्या मुदतीचा दर घेऊन त्यातून एक टक्का वजा करावा.’ ती खळखळून हसली. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण आता सगळा उलगडा झाला होता.

एफ-वन दाबल्यावर प्रणाली हेल्प फाइलकडे नाव पाठवत नाही, एक क्रमांक पाठवते. आमच्याकडे स्क्रीनचा क्रमांक आणि त्यापुढे रकान्याचा क्रमांक, असा तो बनत असे आणि स्क्रीनना क्रमांक देणारा छोटा प्रोग्राम त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने प्रत्येक वेळी नव्याने मोजणी करत असे. आधी ठेव तारण कर्ज ४१, मुदतपूर्व बंद ४२ आणि नूतनीकरण ४३ असा क्रम होता. नॉमिनीची, म्हणजे वारस नोंदीची, स्क्रीन मध्ये घुसली, ४२ क्रमांक घेऊन बसली आणि पुढच्या सगळ्यांना तिने एकेक घर खाली ढकलले. नवी प्रणाली ‘मुदतपूर्व बंद’च्या व्याजदरासाठी ४३०५ मागू लागली. जुन्या हेल्प फाइलमध्ये ४३०५ म्हणजे नूतनीकरणाचा व्याजदर. दोन्ही स्क्रीनवरचे पहिले पाच रकाने सारखेच असल्यामुळे चूक अगदी साळसूद दिसत होती.

पण जुनी हेल्प फाइल तिथे आली कशी? आवृत्तीसोबत मी नवी फाइल बांधून दिली होती आणि तिच्यातले क्रमांक बरोबर होते, म्हणून तर पुण्यात आणि सर्व्हरवर सगळे सुरळीत दिसत होते. याचे उत्तर माझ्याच एका परिपत्रकात होते. त्या वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टची एक सुरक्षा-सुधारणा आली आणि तिच्यानंतर नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकात ठेवलेली हेल्प फाइल उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसे, पण उजवीकडचे पान उघडतच नसे. उपाय म्हणून मी सगळ्या संस्थांना कळवले की, फाइल प्रत्येक काउंटरच्या संगणकावर नकलून ठेवावी, आणि प्रणालीनेही आधी तिथेच शोधावे अशी सोय आम्ही करून घेतली. या पतसंस्थेने सूचना तंतोतंत पाळली. ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती सर्व्हरवर चढली, सर्व्हरवरची हेल्प बदलली, आणि काउंटरवरच्या चारही नकला जुन्याच राहिल्या. त्या पुन्हा नकलून घ्या, हे मी कुणालाच कळवले नव्हते.

काउंटरवरच्या फाइली बदलायला दहा मिनिटे लागली. जादा व्याज गेलेल्या एकूण चार ठेवी निघाल्या. त्यांचे काय करायचे ते मंडळ ठरवणार होते आणि काकांच्या सचोटीवर कुणी बोट ठेवणार नाही, हे व्यवस्थापकांनी माझ्यासमोर सर्वांना सांगितले.

पुण्याला परतल्यावर वाद झाला. प्रोग्रामर मंडळींचे म्हणणे, एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलायचा नाही एवढा नियम केला की पुरे. तो नियम केलाच, शिवाय हेल्प फाइलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घालायला लावला, म्हणजे जुनी नक्कल सापडणारच नाही आणि मदत मुळी उघडणारच नाही. चुकीची मदत उघडण्यापेक्षा ते परवडले. माझ्या लिखाणातही बदल केला. आटोपशीर वाक्यांचा मला अभिमान होता. आता प्रत्येक खुलाशाची सुरुवात ‘मुदतीआधी ठेव मोडताना’ किंवा ‘ठेवीचे नूतनीकरण करताना’ अशी कामाच्या नावाने करू लागले. हल्ली वेबपानांसाठी लिहिते, तिथे एफ-वन बहुधा ब्राउझरचीच मदत उघडतो, म्हणून रकान्याशेजारी प्रश्नचिन्हाचे बटण ठेवावे लागते आणि क्रमांकांऐवजी नावे जोडता येतात. तरीही खुलाशाच्या तोंडी कामाचे नाव घालण्याची सवय सुटलेली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी एसटीसाठी निघाले, तेव्हा काकांनी वही उघडली, पट्टी धरून ते वाक्य लाल शाईने खोडले आणि पडद्यावरचा नवा खुलासा पाहून त्याखाली शांतपणे उतरवला. मग वही माझ्याकडे वळवून पेन पुढे केले. “खाडाखोड झाली की सही लागते, मॅडम,” ते म्हणाले. मी समासात सही केली आणि खाली तारीख घातली.