ॲव्हरेज १४

आमच्या सायकलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आठ वाजले की स्क्रीनशॉट पडायला लागतात. कोणाचा ॲव्हरेज ताशी २५ किलोमीटर, कोणाचा २८, एक जण तर समोरून वारा असतानाही ३० खाली येत नाही. माझा, थांबणं धरून, १४. परवा एका नवीन मेंबरने अगदी काळजीने विचारलं, दादा पंक्चर झालं होतं का? नाही रे बाबा, पंक्चर बिंक्चर काही नाही, मी असाच चालवतो. कारण सांगायचं तर भुंग्याबद्दल सांगावं लागेल आणि ते ग्रुपवर टाईप करण्याएवढं छोटं नाही, म्हणून इथे लिहितोय.

भुंग्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, काळा कुळकुळीत, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. सावरकर नगरच्या मागे एका बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथल्या वाळूच्या ढिगावरून मुलीने दप्तरात घालून आणला होता, तेव्हा ती दुसरीत होती. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, घरात देवघर आहे, कुत्रं चालणार नाही. मग तो गॅलरीत राहिला, मग गॅलरीच्या दारात, मग दाराच्या आत पायपुसण्यावर, आणि दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा थेट आईच्या पलंगाखाली. तिथून त्याला परत बाहेर काढायची कोणाची हिंमत झाली नाही, आईचीही नाही. झोपेत घुं घुं करायचा म्हणून भुंग्या.

पहाटे सव्वापाचला त्याला बाहेर जायचं असायचं. पाऊस असो, थंडी असो, माझं रात्री कंपनीतून उशिरा येणं असो. आणि जानेवारीत नाशिकची पहाट काय असते ते इथल्यांना सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात छापून येतो पण आनंदवल्लीला नदीकाठी पण बोटं वळत नाहीत. मी कानटोपी घालून त्याच्या मागे. दोन किलोमीटरला आम्हाला पाऊण तास लागायचा कारण साहेब प्रत्येक खांबाशी, प्रत्येक गाडीच्या चाकाशी थांबणार. मी वैतागायचो. मग कुठेतरी वाचलं की कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी २०-३० कोटी असतात आणि आपल्या ५०-६० लाख, तेव्हा म्हटलं ठीक आहे, याला दिसतंय ते मला दिसत नाहीये, थांबू. आणि तो थांबला की मला उगाच उभं राहायला लागायचं, मग उभ्या उभ्या वॉचमनशी बोलणं, पाववाल्याशी बोलणं, पेपरचे गठ्ठे सोडणाऱ्या पोरांशी बोलणं. कोणत्या वॉचमनचं गाव सुरगाणा, कोणाचं पेठ, कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, हे सगळं मला भुंग्यामुळे माहीत. आमच्या सोसायटीत मी कोणाला फारसा ओळखत नाही, पण रस्त्यावर सगळे मला ओळखायचे, म्हणजे त्याला ओळखायचे, मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला असायचो.

एक गोष्ट मधेच सांगून टाकतो, कारण नाशिकमध्ये कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत पाहिजे आणि अर्ध्या लोकांना नसते. कुत्र्याला द्राक्षं द्यायची नाहीत. बेदाणे मनुकाही नाहीत. किडनीवर जातात. आणि एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत, दुसरा थोड्याशाने मरणाच्या दारात, म्हणजे अमुक इतकी चालतात असं काही ठरवता येत नाही. हे द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडमुळे होत असावं असं अलीकडे मानतात, आणि तेच ॲसिड चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे आमटीतली चिंच पण बघून. आता आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या मळ्यातून द्राक्षांचा क्रेट येतो आणि तो जमिनीवरच ठेवला जातो, तर तो वर ठेवा. खाल्लीच तर उलटी होईल का बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे.

भुंग्याने जन्मात एक द्राक्ष खाल्लं नाही तरी किडनीच गेली. म्हातारपण, दुसरं काही नाही, तेरा वर्षांचा होता. क्रिएटिनिन वाढत गेलं, शेवटचे काही महिने घरीच त्वचेखाली सलाईन द्यायला शिकलो, आई त्याचं डोकं मांडीवर धरून बसायची. शेजारच्या एका काकांनी आईला म्हटलं, कुत्र्यासाठी एवढं काय करताय वहिनी. आई म्हणाली, धर्मराजाने स्वर्गाच्या दारात केलं तेवढं तर नाही ना करत. काका गप. श्रावणात गेला.

त्यानंतर पण मला सव्वापाचलाच जाग. उठून बसायचो, बायको म्हणायची झोपा ना. मी एकटा चालायला जाऊन बघितलं. पण दर पन्नास पावलांवर कोणीतरी विचारणार, आज भुंग्या कुठंय? सांगायचं. पुढचा वॉचमन, आज एकटेच? परत सांगायचं. पाववाला सायकल थांबवून, साहेब तुमचा काळ्या? परत. एका सकाळी किती वेळा सांगणार की तो गेला, चौथ्या पाचव्या वेळी आपला आवाज आपल्यालाच कसातरी वाटायला लागतो. मी चालणं बंद केलं. वजन वाढलं ते सांगत नाही. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज चालता का? म्हटलं चालायचो, कुत्रा होता तोवर. ते म्हणाले, मग सायकल घ्या, सायकलला काय कुत्रा लागत नाही.

मला ते पटलं, पण वेगळ्याच कारणाने. सायकलवर असलं की कोणी काही विचारू शकत नाही. लांबून हात करायचा की झालं, तोंड उघडेपर्यंत आपण पुढे. खरं सांगतो, फिटनेस वगैरे नंतर, मी सायकल घेतली ती त्या प्रश्नांपासून पळायला. गियरवाली हायब्रिड घेतली आणि त्याच रस्त्याने, त्याच वेळी, मान खाली घालून गंगापूर रोडने सुसाट.

सुसाट म्हणजे आपल्या मनात. बारदान फाटा येईपर्यंत जीभ बाहेर. शिवाय आपलं गाव सायकलच्या बाबतीत भयंकर, इथे जरा मोठं काही बोलायची सोय नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळपास ४८०० किलोमीटरची रॅम नावाची शर्यत आहे, ती २०१५ मध्ये इथल्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने. ज्या गावात असे लोक आहेत तिथे सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो हे कोणत्या तोंडाने सांगणार? पण ग्रुपमधली माणसं चांगली निघाली. पहिल्याच रविवारी एकाने माझी सीट वर केली. म्हणाला, पेडल खाली असताना टाच ठेवून पाय सरळ होतो का बघा, तेवढी उंची ठेवा, गुडघे दुखायचे थांबतील. थांबले. दुसरं त्याने सांगितलं की जड गियर दाबत बसू नका, हलका घ्या आणि पाय भराभर फिरू द्या, मिनिटाला ८०-९० फेरे. माझे साठच व्हायचे पण दम लागणं कमी झालं. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला गेलो की जाताना वारा तोंडावर आणि चढ, येताना वारा पाठीवर आणि उतार, तेव्हा येतानाच्या स्पीडवरून स्वतःबद्दल मत बनवायचं नाही हेही तिथेच शिकलो. आणि मिसळ. नाशिकची कोणतीही राईड मिसळीवर संपते, तर्री परत मागितली जाते, पाव मोजले जात नाहीत, आणि मग तिथेच बसून कॅलरी किती जळल्या याची चर्चा. शुगरवाल्यांनी रविवारीच जावं.

आता कुत्रे. सायकलवाल्यांचा सगळ्यात लाडका विषय, कोणाकडे काठी, कोणाकडे पाण्याची पिचकारी. दुगावच्या अलीकडे चार-पाच जणांची टोळी आहे, ती माझ्याही मागे लागली. सगळे सांगत होते जोरात पळवायची. मी तेरा वर्षं एका कुत्र्याबरोबर काढलीत, मला माहीत होतं की पळणारी गोष्ट दिसली की मागे लागायचं एवढंच त्यांच्या डोक्यात असतं, भुंग्या तर पळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या मागे लागायचा. मी ब्रेक मारला, उतरलो, सायकल मधे ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं काय रे, काय झालं? ते थांबले. एक तर जांभई देऊन बसलाच. हे दर वेळी चालेल असं नाही, पिल्लं असलेली कुत्री असेल तर लांबूनच हळू निघून जायचं, डोळ्यात बघायचं नाही. आणि दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद मिरची काही लावत बसायचं नाही. रेबीज झाल्यावर त्याला उपाय नाही.

तर त्या टोळीमुळे मी पहिल्यांदा रस्त्यात थांबलो. बाजूच्या मळ्यातला माणूस आला, म्हणाला तुम्हाला कुत्र्यांची सवय दिसते. म्हटलं, होता आमच्याकडे एक. आणि मग मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगत बसलो, वाळूच्या ढिगापासून. त्याने मधे एकदाही ‘दुसरा आणा की’ म्हटलं नाही. आपला एक बैल गेला त्याचं सांगितलं. उन्हं वर आली तेव्हा निघालो, घामही वाळला होता, व्यायामाच्या दृष्टीने ती राईड फुकट गेली.

तेव्हापासून थांबतो. पाववाला दिसला की थांबतो, त्याला परत पहिल्यापासून सांगितलं, तो म्हणाला मला वाटलं तुम्ही बंगल्यात राहायला गेलात. कुंभमेळ्याच्या कामांमुळे जागोजाग खोदलंय, त्यामुळे तसंही उतरावं लागतं, मग खड्ड्याशी उभ्या असलेल्या मजुरांशी बोलणं होतं. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या सीझनमध्ये सकाळी मजुरांची गर्दी असते, हरसूलकडून, पेठकडून आलेली, तिथे चहा. पळायला म्हणून सायकल घेतली आणि आता पहिल्यापेक्षा जास्त लोकांशी बोलतो, फक्त पट्टा दोन किलोमीटरचा पस्तीस झालाय. ग्रुपमधल्या एकाने समजावलं की मधे थांबलात की हार्ट रेट पडतो, फायदा कमी होतो. असेल. आठवड्याला १५० मिनिटं घाम आला पाहिजे म्हणतात, तेवढा येतो. शेवटचं एचबीए१सी ५.८ होतं. हाडांना सायकलचा फारसा उपयोग नाही म्हणून जिने पण चढतो, ते मात्र अत्यंत कंटाळवाणं काम आहे.

भुंग्याला पुरलंय ते मित्राच्या मळ्यात, त्याच रस्त्याला. मला वाटलं होतं दर रविवारी तिथे जाईन. नाही जात. गेलो दोन-तीनदा, तिथे आता टोमॅटो लावलेत, मित्र म्हणतो जागा नक्की कुठली ते आठवतंय पण सरी मधे सोडता येत नाही रे. बरोबर आहे त्याचं. मला तो तिथे आठवतही नाही, आठवतो तो आनंदवल्लीच्या त्या एका खांबाशी, जिथे तो इतका वेळ लावायचा की मी शिव्या घालायचो.

मुलगी आता कॉलेजला आहे आणि पिल्लू आणूया म्हणून मागे लागलीय. आई म्हणते देवघर आहे, म्हणजे तिची तयारी आहे. बायको म्हणते दिवाळी होऊ दे, फटाक्यात लहान पिल्लू नको, ते मलाही पटतं. प्रश्न एकच आहे, सव्वापाचला सायकल काढायची की पिल्लू फिरवायचं. मुलीने त्यावर लेखी दिलंय, फ्रिजवर चिकटवलंय, की सकाळचं फिरवणं पूर्णपणे तिच्याकडे. ती साडेआठला उठते.