कांदा तुडवणाऱ्यांच्या गावात

मी निफाड तालुक्यातली. कांदा काढणीला आला की पात आपसूक आडवी होते, त्याला आम्ही माना पडल्या म्हणतो. घाई असली की पात पाडायला आजोबा वाफ्यांवरून रिकामा ड्रम फिरवायचे. म्हणून जर्मनीतल्या बांबेर्गला राहायला आले आणि इथल्या लोकांचं टोपणनाव 'त्स्वीबेलट्रेटर', म्हणजे कांदा तुडवणारे, असं कळलं, तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसा आनंद झाला. इथले माळी पायांना फळ्या बांधून वाफ्यांतून चालायचे आणि पात मोडायचे. सगळा जोर खाली गड्ड्यात उतरावा म्हणून!

बांबेर्ग हे पाऊण लाख वस्तीचं शहर. महायुद्धात त्याची फारशी पडझड झाली नाही आणि १९९३ साली जुनं गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पर्यटक टेकडीवरचं कॅथेड्रल बघतात, रेग्निट्स नदीच्या मधोमध छोट्या बेटावर उभ्या असलेल्या जुन्या टाउन हॉलचे फोटो काढतात आणि निघून जातात. वारसा यादीत तिसरा भागही आहे, माळ्यांची वस्ती. मी तिथेच राहते.

रस्त्यावरून बघाल तर काहीच दिसणार नाही. बुटकी घरं, एकाला एक चिकटलेली. काही दारांवरच्या कोनाड्यात मेरीची नाहीतर एखाद्या संताची मूर्ती. प्रत्येक घराला बैलगाडी जाईल एवढं रुंद लाकडी फाटक. ते उघडलं की मात्र थक्क व्हायला होतं: भर शहरात, घरांच्या पाठीमागे लांबच लांब मळे. मुळा, कोबी, लेट्यूस, शिंगासारखा वाकडा 'हॉर्नला' बटाटा, आणि नासपतीच्या आकाराचा बांबेर्गी कांदा. एकेकाळी इथे ज्येष्ठमधही पिकायचा, १६०२ सालच्या शहराच्या नकाशावर त्याचं चित्र आहे. विसाव्या शतकात ती लागवड बंद पडली होती, आता काही हौशी मंडळींनी पुन्हा सुरू केली आहे.

हे जपायचं कसं, यावर इथे शेजाऱ्याशेजाऱ्यांत मनापासून वाद होतात. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांना खिडक्या बदलायच्या होत्या. प्लास्टिकच्या चालणार नाहीत, लाकडीच हव्यात, रंगही विचारून. खर्च दुप्पट झाला. सरकार करात सवलत देतं: वारसा घरात स्वतः राहत असाल तर दुरुस्तीच्या मान्य खर्चाचे दरवर्षी ९ टक्के, अशी १० वर्षं उत्पन्नातून वजा होतात. "पण माझ्या पेन्शनवर कर असतोच किती?" बाई विचारतात. हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. कर भरणाऱ्यालाच सवलतीचा खरा फायदा, आणि जुनी घरं नेमकी म्हाताऱ्या माणसांनी धरून ठेवलेली. तरीही त्यांनी लाकडीच खिडक्या बसवल्या. पहिल्या संध्याकाळी नव्या चौकटीवरून त्या हात फिरवत होत्या, ते मी पाहिलंय.

शेजारच्या तरुण जोडप्याला छपरावर सोलर पॅनेल हवीत. वारसा म्हणून आमची बिलं वाढणार असतील तर इथे मुलंबाळं असलेलं कोण राहील, असं त्यांचं म्हणणं. आता बव्हेरियात, म्हणजे आमच्या राज्यात, वारसा घरांचा कायदा थोडा सैल झाला आहे, त्यामुळे ते आशेवर आहेत. वस्तीजवळून जाणारा रेल्वेमार्ग चारपदरी करायच्या योजनेवरूनही अशीच तणातणी. आवाज अडवायला उंच भिंती उभ्या केल्या तर शहराचं रूप जाईल म्हणणारे आहेत, आणि रूळांशेजारी राहणारे, ज्यांना रात्री शांत झोप हवी, तेही आहेत.

पण मला सगळ्यात पटलं ते कोपऱ्यावरच्या माळीकाकांचं. या वस्तीत आता मोजकीच माळी कुटुंबं उरली आहेत. काका भाजी तोलता तोलता म्हणाले, "भिंती जपायला पैसे मिळतात. माझा मुलगा सकाळी पाचला मळ्यात यायला हवा, त्याचं काय?" मला वाटतं, या वस्तीचा जीव फाटकाच्या मागेच आहे. मळा पिकायचा थांबला तर पुढची घरं कितीही नीट रंगवली तरी ती माळ्यांची घरं राहणार नाहीत. मग मोकळ्या मळ्यावर पार्किंगच होईल. आपल्याकडे नाशिकच्या जुन्या वाड्यांबद्दल बोलताना आपण लाकूड, कोरीवकाम, तुळया यांच्यावर हळहळतो. आत राहणाऱ्यांचं कसं चाललंय, हे फार कमी वेळा विचारतो.

काकांनी मला कांद्याचं बी दाखवलं. जुन्या कागदी पाकिटात, वर पेन्सिलीनं साल लिहिलेलं. आजोबांपासून घरचंच बी धरतो, म्हणाले. मग विचारलं, "तुमच्याकडे अजून धरतात का?"

मला उत्तर देता येईना. रात्री गावी आबांना फोन लावला.

"मधे सोडलं होतं," आबा म्हणाले, "विकतचंच आणायचो. यंदा विहिरीकडेला बी धरायला दोन ओळी डोंगळे लावलेत. फुलं आली की फोटो धाडतो."