सव्वापाचलाच दिवस संपला!

आज अंदमानातल्या नील बेटावर (२०१८ पासून शहीद द्वीप) लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा होता. डिसेंबर आहे, सहाच्या आत पोचलो की झालं, हा आमचा पुणेरी हिशेब. होमस्टेच्या दादांनी चारलाच दार वाजवलं म्हणून वाचलो! घड्याळ आपलंच, पण हे बेट पुण्याच्या तब्बल १९ अंश पूर्वेला.

किनाऱ्यावर जेमतेम आठ-दहा माणसं. ना भेळ, ना घोडागाडी. ओहोटीनं पाणी पार लांब गेलेलं. वाळू पांढरीशुभ्र, पण अनवाणी पायांना टोचते, प्रवाळाचे तुकडेच तुकडे. लेकीनं एक फांदीसारखा तुकडा हळूच खिशात घातला होता, तो परत ठेवायला लावला. इथून प्रवाळ नेणं बेकायदा आहे. झालं, बाईसाहेब फुगल्या. तेवढ्यात समोरचा शंख चालायला लागला. आत खेकडा! मग कुठला रुसवा, आणि कुठला सूर्यास्त. तिनं अंधार पडेपर्यंत त्याचाच पाठलाग केला.

बाकी गावांची नावं रामायणातली, सीतापूर, भरतपूर, रामनगर, आणि कानावर पडते ती बंगाली. गंमतच वाटते.

उद्या सूर्योदयाला सीतापूर. पावणेपाचचा गजर लावलाय. नवरा म्हणतोय, "फोटो पाठव."