१८ ऑगस्टचा फॉरवर्ड आणि १८९८ चं ग्रहण

दर वर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. वर विजयदुर्गाचा फोटो, खाली मजकूर की १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने या किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम शोधून काढला, कोकणी असाल तर पुढे पाठवा. आमचं आजोळ देवगड तालुक्यातलं, त्यामुळे पुढे पाठवणाऱ्यांची कमी नाही. शिवाय पुरावा पण आहे ना, किल्ल्यात दुर्बीण ठेवायला बांधलेले चौथरे आहेत, साहेबाचे कट्टे म्हणतात त्यांना, लहानपणी त्यांच्यावर बसून आंबोशी खाल्लीये आम्ही.

मला खटकायचं ते एवढंच की ऑगस्ट महिना. कोकणात. श्रावण-भाद्रपदात जिथे वाळत घातलेली चड्डी चार दिवस सुकत नाही तिथे लंडनहून बोटीने येऊन सूर्य बघायचा हा कुठला हिशोब? पण खटकलं तरी करणार काय, अशा गोष्टी तपासायच्या तर पूर्वी मुंबईला जाऊन कुठल्या तरी मोठ्या लायब्ररीत ओळख काढून बसायला लागायचं. आता नाही. आता रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बघता येतं, आणि या पोस्टचा खरा विषय तोच आहे, जुने पेपर आणि जुने रिसर्च पेपर, दोन्ही फुकट, दोन्ही स्कॅन केलेले. हेलियम निमित्तमात्र.

तर आधी १८६८. ग्रहण झालं होतं हे शंभर टक्के खरं आणि ते जिथून खग्रास दिसतं तो पट्टा कोकणातून वर चढून विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा पूर्व किनाऱ्याला गेला हे पण खरं. जमखंडीला जॉन हर्शेल होता (खगोलशास्त्रज्ञांच्या त्या प्रसिद्ध हर्शेल घराण्यातलाच), तिथे ढगांनी छळलंच. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, त्याला मात्र सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या (म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या) रेषा इतक्या लख्ख दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या परत शोधल्या. आणि लॉकयर? लॉकयर लंडनमध्ये. हा माणूस तेव्हा वॉर ऑफिसात कारकून होता, खगोलशास्त्र ऑफिस सांभाळून. ज्वाळा ग्रहणाशिवाय बघता येतील अशी त्याची पण कल्पना होती, फक्त त्यासाठी मागवलेला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे वर्णपट बघायचं यंत्र, बनून मिळायला उशीर झाला, तो ऑक्टोबरात हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने घरच्या दुर्बिणीतून त्या रेषा पकडल्या. लगेच रॉयल सोसायटीला पत्र. ते पत्र सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापलंय आणि आज कोणालाही उघडून वाचता येतं, कारण रॉयल सोसायटीने २०११ मध्ये सत्तर वर्षांहून जुने सगळे पेपर कायमचे मोफत केले. त्यात न्यूटनच्या काळापासूनचं सगळं आलं, पण ते सोडा.

याची दुसरी बाजू पॅरिसमध्ये. जान्सेनचं भारतातून निघालेलं पत्र आणि लॉकयरची बातमी फ्रेंच अकादमीच्या एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. अकादमीचा तो अहवाल फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका नावाच्या साइटवर आहे. मला फ्रेंच ओ की ठो येत नाही, पण मजकूर कॉपी करून ट्रान्सलेटमध्ये टाकला की काम भागतं. दोघांना मिळून पुढे फ्रान्सने एक पदक पण काढलं, एकाच बाजूला दोघांचे चेहरे. आणि त्या रेषांतली एक पिवळी रेघ सोडियमची नाही, पृथ्वीवर न सापडलेल्या कशाची तरी आहे, हे लॉकयरने नंतर मांडलं, लोकांनी बरीच वर्षं नाकं मुरडली, शेवटी १८९५ साली रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला एका खनिजातून हेलियम मिळाला तेव्हा गप्प बसले.

म्हणजे विजयदुर्गाचा काही संबंध नाही? मी मामाला फोनवर हे सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मगे ते कट्टे काय तुझ्या इंटरनेटान बांधल्यान?"

प्रश्न बरोबर होता. कट्टे आहेत म्हणजे कोणीतरी बांधले. आणि इथून पुढे खरी मजा.

नासाचं एडीएस म्हणून एक प्रकरण आहे, खगोलशास्त्राच्या पेपरांचा डेटाबेस, हार्वर्डमधून चालतं, खगोलवाल्या पोरांना माहीत असेल. त्यात एकोणिसाव्या शतकातली नियतकालिकं पानापानाने स्कॅन करून ठेवलीयेत. तिथे लॉकयर आणि इंडिया टाकून शोधलं की १८९८ च्या रिपोर्टचा माग लागतो, आणि तो रिपोर्ट परत रॉयल सोसायटीच्या साइटवर अख्खा सापडतो. शीर्षकच असं की २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण, विजयदुर्ग येथील निरीक्षणं. तीस वर्षांनंतर! लॉकयर आलाच होता विजयदुर्गाला, पण १८९८ मध्ये, हेलियम जुना झाल्यावर. जानेवारीत, कोरड्या हवेत. दोन वर्षांआधी नॉर्वेत ग्रहण बघायला गेला होता तिथे ढगांनी सगळं पाण्यात घातलं होतं, त्यामुळे या वेळी आकाश बघून जागा निवडली असणार.

हा रिपोर्ट मी चवीने वाचला. लॉकयर आला तो बरोबर एचएमएस मेल्पोमेनी नावाची युद्धनौका घेऊन, आणि नौकेवरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्याने सरळ कामाला लावलं. दोन मिनिटांच्या आसपासचा खग्रास काळ, त्यात एकट्याने काय काय बघणार, म्हणून टोळ्या पाडल्या. कोणी फक्त वेळ मोजायची, कोणी फक्त झाकलेल्या सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कोणी अंधारात कुठले तारे दिसतात ते बघायचं, कोणी जमिनीवर सरकणारे सावल्यांचे पट्टे बघायचे, कोणी आजूबाजूच्या डोंगराचे आणि आकाशाचे रंग टिपायचे. आधी रंगीत तालमी, मग खरं ग्रहण. आयुष्यभर दोर ओढलेल्या खलाश्याने खडू घेऊन सूर्याचा प्रभामंडळ काढायचा आणि ते चित्र रॉयल सोसायटीच्या दप्तरात जायचं, हे मला हेलियमच्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी वाटलं. पण असला फॉरवर्ड कोणी करत नाही.

मग मला नादच लागला. १८९८ चा पट्टा विजयदुर्गाहून वर ईशान्येला गेला, म्हणजे जवळपास अख्ख्या महाराष्ट्रावरून तिरपा. आणि तंबू कुठे कुठे पडले ते बघा. करमाळा तालुक्यातलं जेऊर, तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल. विदर्भात तळणी आणि पुलगाव. सगळी नावं रेल्वे टाइमटेबलमधून उचलल्यासारखी, आणि कारणही तेच, जीआयपी रेल्वेच्या लाइनीला पट्टा जिथे छेदतो तिथे सामान उतरवायचं. टनावारी काचा आणि लोखंड बैलगाडीतून न्यायला कोणाला हौस आहे. विजयदुर्गाला रेल्वे नाही म्हणून तिथे बोट.

तळणीला ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची हौशी मंडळी होती, त्यात अॅनी माउंडर. तिने एका छोट्याशा कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एक इतका लांब झोत फोटोत पकडला की तेवढा लांब तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. असोसिएशनने या मोहिमेचं पुस्तक काढलं, ते इंटरनेट आर्काइव्हवर आहे. आणि जेऊरला आपला माणूस पण होता बरं का, कावसजी दादाभाई नेगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्रोफेसर. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती, २० इंची दुर्बीण, त्या काळात देशातली सगळ्यात मोठी. जेऊरच्या ग्रहणावर त्यांचा स्वतंत्र रिपोर्ट आहे, १९०२ मध्ये छापलेला. ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद करून दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेला पाठवली, भावनगर टेलिस्कोप नावाने ओळखतात तिला. पुणेकर एवढ्या तेवढ्यावर पाट्या लावतात, या माणसाची आठवण मात्र खगोलवाल्यांपलीकडे फारशी कोणाला नाही.

हे झालं रिसर्च पेपरांचं. आता वर्तमानपत्रं, आणि इथे मात्र माझा जीव जळतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, या दोन साइट एकदा तरी उघडून बघा. मोठ्या शहरांचे सोडा, कुठल्या तरी खाणवस्तीचा चार पानी पेपर, तो पण ओळन् ओळ शोधता येतो. जानेवारी १८९८ टाकून भारतातलं ग्रहण शोधलं की तारेने आलेली चार ओळींची बातमी या पेपरात, त्या पेपरात, परत परत सापडते. मशीनने वाचताना गावांच्या नावांचा चोथा केलेला असतो, त्यात विजयदुर्गाचं इंग्रजी स्पेलिंगच तीन प्रकारचं, त्यामुळे सगळी रूपं टाकून बघायची. ट्रोव्हवर एक सोय झकास आहे, डावीकडे मशीनने वाचलेला मजकूर, उजवीकडे मूळ पान, चुकलेली ओळ कोणीही दुरुस्त करायची आणि ती पुढच्याला बरोबर सापडते. निवृत्त आजी-आजोबा तिथे रोज बसून ओळी सुधारतात. मी पण एका बातमीतली सुधारली, उगाच.

पण मला ऑस्ट्रेलियातल्या खाणकामगाराने काय वाचलं ते नकोय, मला देवगडच्या माणसाने काय वाचलं ते पाहिजे. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. रत्नागिरीहून 'सत्यशोधक' आणि 'बकुळ' अशी साप्ताहिकं निघायची. पुण्यात 'केसरी', 'ज्ञानप्रकाश'. त्यातही 'केसरी'ची परिस्थिती बघा, प्लेग आणि रँडच्या खुनानंतरचे दिवस, टिळक सप्टेंबर १८९७ पासून तुरुंगात. म्हणजे ज्या माणसाने वेदांचा काळ नक्षत्रांवरून काढणारं पुस्तक लिहिलं तो, अख्ख्या जगाचे ज्योतिर्विद महाराष्ट्रात उतरले तेव्हा, कोठडीत. पौष अमावास्या, शनिवार, दुपार. लोक स्नानाला गेले असतील, दानं दिली असतील, कोणी किल्ल्यावरच्या गोऱ्यांची गंमत बघायला गेलं असेल. बातमीदाराने लिहिलं नसेल असं होणारच नाही. कुठेतरी ते छापलेलं आहे.

ते शोधायचं कसं? त्या काळात सरकारी अनुवादक देशी पेपरांचा दर आठवड्याला इंग्रजीत गोषवारा करून वर पाठवायचे, त्या रिपोर्टांचे स्कॅन ऑनलाइन मिळतात, पण सरकारला राजकारणात रस, ग्रहणात नाही, त्यामुळे तिथे आशा कमी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची ग्रंथसंजीवनी आहे, जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, पेपर, चांगलं काम आहे. पण एकूण मराठी पेपरांचं गाडं फोटोवर अडतं. पान दिसतं, पानाच्या आतला शब्द शोधता येत नाही. देवनागरी मशीनला आता बरीच वाचता येते, हे मी फोनवर रोज करतो, पण ती नव्या छपाईची. छापखान्याच्या जुन्या खिळ्यांत जोडाक्षरं वेगळी, शिरोरेषा मधेच तुटलेली, कागदाच्या मागच्या बाजूची शाई पुढे उतरलेली, आणि १९६२ च्या नियमांआधीचं लेखन, जिथे तिथे अनुस्वार. तुम्ही ग्रहणाचे असं शोधणार, पेपरात ग्रहणाचें. मशीनने तो ठिपका कागदावरचा डाग समजून सोडला तर तुमचं नशीब, नाहीतर तुम्हाला शून्य रिझल्ट आणि बातमी तिथेच बसलेली.

त्यात कोणाकोणाची वृत्ती. एका संस्थेत (नाव नको) मी जुन्या फायली बघायला मिळतील का विचारलं तर उत्तर मिळालं की स्कॅनिंग झालंय. मग स्कॅन बघू? ते सीडीवर आहे. मग सीडी? ती कपाटात. किल्लीवाले रजेवर. म्हणजे कागद कपाटात होता तेव्हा निदान वाळवीला तरी वाचायला मिळत होता. परदेशात सगळं सोनं आहे असंही नाही, तिकडचे काही प्रकाशक सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पानालासुद्धा क्रेडिट कार्ड मागतात, पण त्यांचं निदान सर्चमध्ये दिसतं तरी, आहे हे कळतं.

आणि मला वाटतं विजयदुर्गाची दंतकथा याच पोकळीत वाढलीये. लॉकयर आला हे खरं, कट्टे खरे, हेलियम खरा, सन १८६८ खरं, फक्त मधला धागा सांगणारा आपला पेपर कोणाच्या हाताशी नाही, मग लोकांनी उपलब्ध सामानात गोष्ट जुळवली. यात खोटेपणा कोणाचाच नाही. पण १८९८ ची गोष्ट आहे ना आपल्याकडे, युद्धनौका, चित्रं काढणारे खलाशी, तळणीची अॅनीबाई, जेऊरचे नेगमवाला, यांना टाकून आपण लंडनमध्ये लागलेल्या शोधाला कोकणात कशाला ओढायचं?

मामाला हे दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो जरा नरमला, म्हणाला गावातले म्हातारे लोक पण काहीतरी सांगायचे त्या बोटीबद्दल, नीट आठवत नाही. मी त्याला म्हटलं तू आठव, मी इकडे शोधतो.

तर वाचणाऱ्यांत कोणी रत्नागिरी, मालवण, राजापूर, सोलापूर, वर्धा किंवा अमरावती भागातल्या जुन्या वाचनालयांशी संबंधित असेल, आणि तिथे जानेवारी-फेब्रुवारी १८९८ ची कुठल्याही मराठी पेपराची बांधीव फाइल असेल, तर प्लीज मला कळवा. पान सपाट ठेवायचं, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता मोबाइलने फोटो काढायचा, मजकूर मी टाइप करतो, अनुस्वारांसकट. २२ जानेवारीनंतरच्या दोन-तीन अंकांत बघा आधी, आणि जेऊरची बातमी असली तरी चालेल.